दत्तारामचा फोटो

श्यामकांत तळपदे मुलुंडला राहत होता आणि भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढण्यात त्याची वीस-बावीस वर्षं गेली होती. वय सेहेचाळीस, मूलबाळ नाही. बायको उत्तरा जवळच्या शाळेत शिकवायची. माणूस कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा तो मागच्या खुर्चीवर बसायचा आणि ठराव पास झाला की घरी यायचा.

फोटोंचा नाद त्याला उशिरा लागला. ऑफिसातल्या एकाने विकायला काढलेला रशियन बनावटीचा जुना कॅमेरा त्याने घेतला आणि सुरुवातीला लोक काढतात तसे सूर्यास्त, फुलं, उत्तराचे फोटो काढले. मग एका पावसाळ्यात मुलुंडच्या डोंगरावर फिरताना एका कुजक्या ओंडक्यावर त्याला शेंदरी रंगाच्या इवल्या वाट्या दिसल्या. प्रत्येक वाटीत पावसाचा एकेक थेंब. त्याने गुडघे टेकून फोटो काढला, तो धूसर आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला तर वाट्या नव्हत्या, ओंडका काळा पडला होता. पण दहा पावलांवर जांभळट टोपीची दोन अळंबी उभी होती. त्या दिवसापासून सूर्यास्त सुटले. अगदी जवळचा फोटो यावा म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्समागे लावायच्या रिंगा त्याने आणल्या, जमिनीवर अंथरायला प्लास्टिक घेतलं आणि जून ते सप्टेंबर दर रविवारी सकाळी तो जंगलात पोटावर पडून राहू लागला.

असाच पडलेला असताना त्याला दत्ताराम भेटला. ब्याऐंशीचा जुलै होता. श्यामकांत एका पिवळ्या अळंबीवर नजर लावून श्वास रोखून पडला होता आणि मागून कोणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, "ओ साहेब, जिवंत असास मां?"

दत्ताराम गावडे परळच्या एका गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा. जानेवारीत संप झाला तेव्हापासून घरी होता. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या चाळीत तो आणि त्याची बायको शेवंती राहायचे. एकुलती मुलगी चंपा लग्न करून कुडाळजवळ दिली होती. शेवंती एका पापडाच्या कारखान्यात जायची, आणि दत्ताराम घरात बसून जीव नकोसा व्हायला लागला की डोंगर चढायचा. सोबत एक कोयती आणि एक पंचा. टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब आणि वारुळावरची अळंबी, जे मिळेल ते पंच्यात बांधून तो खाली यायचा.

रंगीत अळंब्यांचे फोटो काढायला कोणी माणूस चिखलात लोळतो, हे त्याला आधी खरं वाटेना. मग गंमत वाटली. आणि मग, कसं कोण जाणे, त्याला त्याचंच वेड लागलं. रिकामा माणूस, आठवडाभर जंगल फिरायचा. कुठल्या खोडावर काय उगवलंय ते त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. रविवारी सकाळी तो पायवाटेच्या तोंडाशी उभा असायचा आणि श्यामकांत दिसला की आधी बातमी द्यायचा. नाल्यापलीकडे ऐनाच्या मुळाशी लालभडक काहीतरी आलंय. बांबूच्या बेटात एक पांढरी जाळीचा झगा घालून उभी आहे, वास घाण, पण बघायला नवरीसारखी. त्या झग्याच्या अळंबीसाठी ते दोघे पहाटे साडेपाचला चढले होते, कारण ती दुपारपर्यंत गळून जाते हे दत्तारामने दोन दिवस पाळत ठेवून शोधून काढलं होतं.

फोटो काढताना दत्ताराम गवत बाजूला धरायचा, पानावरचं पाणी झटकायचा, छत्री धरायचा. उन्हाची तिरीप येईपर्यंत दोघं तसेच बसून राहायचे. दत्ताराम मग गावच्या गोष्टी सांगायचा, क्वचित गिरणीच्या. संप मिटेल का, हे त्याने पहिल्या वर्षी विचारलं. दुसऱ्या वर्षी विचारणं सोडून दिलं. श्यामकांत त्याला अरे-तुरे करायला लागला होता आणि दत्ताराम त्याला शेवटपर्यंत 'साहेब' आणि 'तुमी' म्हणत राहिला. श्यामकांतने एक-दोनदा नको म्हणून सांगितलं, मग तेही राहून गेलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणी मित्र आहे असं त्याला वाटत होतं, आणि तसं त्याने उत्तराला बोलूनही दाखवलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मुलुंडच्या एका वाचनालयाने त्याच्या स्लाइड्स दाखवायचा कार्यक्रम ठेवला. साठ-सत्तर माणसं आली. भिंतीवर पडदा, अंधार, आणि एकामागून एक लाल, केशरी, जांभळी, निळसर अळंबी, दरवाजाएवढी मोठी. लोक खुर्च्यांवर पुढे सरकून बघत होते. दत्ताराम इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. बोलताना श्यामकांतने "इथल्या एका माहीतगार माणसाची मदत झाली" असं म्हटलं. नाव घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण समोर एवढी माणसं बघून त्याची जीभ जड झाली होती आणि ते राहिलं.

शेवटी लोकांनी प्रश्न विचारले. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता, यातली खायची कुठली आणि विषारी कुठली. श्यामकांतला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण उत्तराच्या भावाने लंडनहून पाठवलेलं अळंब्यांचं एक जाडजूड रंगीत पुस्तक त्याच्याकडे होतं, आणि त्यात वाचलेलं त्याने सांगितलं. लोकांनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत, भाजीवाल्याकडे, बसच्या रांगेत लोक त्याला थांबवून विचारू लागले. मागच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ते आवडलं. हळूहळू त्याने "मला नक्की माहीत नाही" असं म्हणणं बंद केलं.

जुलैमधल्या एका रविवारी दत्तारामने त्याला नेहमीची वाट सोडून वरच्या अंगाला नेलं. तिथे झाडीत जरा मोकळी जागा होती आणि पालापाचोळ्यातून सात-आठ पांढरी अळंबी वर आली होती. रंगीत नव्हती, पण श्यामकांत बघतच राहिला. टोपी रेशमासारखी, मधोमध अगदी पुसट हिरवी झाक, देठाभोवती झिरझिरीत कडं. त्याने प्लास्टिक अंथरलं आणि रोलमधली उरलेली सगळी फिल्म त्यांच्यावर खर्च करायचं ठरवलं. ऊन ढगाआड होतं. तो वाट बघत पडून राहिला.

दत्ताराम बाजूला उकिडवा बसून विचार करत होता. अळंबी वारुळावर येते, वारूळ नसेल तर तिला हात लावायचा नाही, असं त्याच्या आजीने त्याला लहानपणी शिकवलं होतं, आणि आजवर त्याने ते मोडलं नव्हतं.

"हय वारूळ खय असा?" तो आपल्याशीच म्हणाला. मग त्याने विचारलं, "साहेब, ही खातत काय?"

श्यामकांतचा डोळा कॅमेऱ्याला होता. ढगाची कड उजळायला लागली होती. पुस्तकातलं एक पांढरं अळंबं त्याच्या नजरेसमोर आलं, असंच रेशमी टोपीचं, देठाला कडं असलेलं.

"खातात ना," तो म्हणाला. "पुस्तकात आहे ही. तिकडे तर बाजारात विकतात."

तेवढ्यात ऊन आलं. त्याने एकामागून एक सहा फोटो काढले. दत्ताराम पुढे काही बोलला नाही आणि त्या दिवशी त्याने अळंबी तोडलीही नाहीत, कारण साहेबांना पुढच्या रविवारी पुन्हा फोटो काढायचे असतील असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी श्यामकांत गेला नाही. उत्तराच्या माहेरची माणसं जेवायला होती.

त्यानंतरच्या रविवारी तो पायवाटेच्या तोंडाशी पोचला तेव्हा दत्ताराम तिथे नव्हता. अर्धा तास थांबून तो चाळीकडे गेला. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काशीराम नावाच्या म्हाताऱ्याने सांगितलं की नवरा-बायको दोघांनाही शुक्रवारी पहाटेपासून उलट्या-जुलाब सुरू झाले, रिक्षात घालून इस्पितळात नेलं. गुरुवारी रात्री रानातली अळंबी खाल्ली होती म्हणे.

श्यामकांतने कुठली अळंबी ते विचारलं नाही. तो मुख्य रस्त्याकडे चालू लागला, मग पळू लागला. गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटत होता.

इस्पितळ पालिकेचं होतं. पुरुषांच्या वॉर्डात दत्ताराम उशीला टेकून बसला होता आणि चहा पीत होता. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पण बसला होता. श्यामकांतला बघून तो हसला. दोन दिवस हाल झाले, पण काल संध्याकाळपासून उलटी नाही, जुलाब नाही, आज भूक लागली आहे, असं त्याने सांगितलं. शेवंती बायकांच्या वॉर्डात होती, तिने फार खाल्लं नव्हतं, तिला उद्या सोडणार होते. श्रावण लागलेला, मासळी बंद, म्हणून काहीतरी बरं खाऊ असं त्याच्या मनात आलं होतं.

श्यामकांत खाटेच्या कडेला बसला. "वरच्या अंगाची?" त्याने विचारलं.

दत्तारामने मान डोलावली.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर आला आणि त्याच्यामागून जबाब घ्यायला हवालदार. विषबाधेची केस होती, कागद करायला लागत होता. डॉक्टरने विचारलं की अळंबी नेमकी कशी होती, आणि ती खायची आहे असं कोणी सांगितलं होतं का. श्यामकांत खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला वाटलं आता आपण बोलू, आणि वाक्यही तोंडात तयार होतं.

दत्तारामने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डॉक्टरकडे वळून म्हणाला, "कोण सांगणार? माझीच चूक झाली. वारुळावरची समजून काढली."

हवालदाराने ते लिहून घेतलं. दत्तारामने त्याखाली वाकडीतिकडी सही केली. श्यामकांतने फक्त एवढं सांगितलं की त्या अळंब्यांचे फोटो त्याने काढले आहेत, पण रोल फोर्टला लॅबमध्ये आहे, अजून धुऊन आलेला नाही. डॉक्टर म्हणाला, फोटो आला तर दाखवा, पण त्याने उपचारात फरक पडणार नाही, पेशंट तर सुधारतोय.

हवालदार गेल्यावर श्यामकांत वाकून काहीतरी बोलायला लागला. दत्तारामने त्याला थांबवलं.

"जावंद्या साहेब. आता बरा वाटता."

आणि श्यामकांतने ते जाऊ दिलं. घरी येताना त्याला इतकं हलकं वाटत होतं की बाजारातून त्याने उत्तरासाठी गजरा घेतला. उत्तराने दत्तारामसाठी मऊ भाताची पेज करून डब्यात भरली आणि संध्याकाळी ती स्वतः इस्पितळात देऊन आली. दत्तारामने अर्धी पेज खाल्ली.

सोमवारी श्यामकांत कामावरून परस्पर इस्पितळात गेला तेव्हा दत्तारामचे डोळे पिवळे झाले होते. तरुण डॉक्टरच्या जागी वयस्क डॉक्टर होते आणि ते श्यामकांतला बाहेर घेऊन गेले. काही अळंब्यांचं असंच असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आधी उलट्या-जुलाब होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा झाला असं वाटतं, आणि तेवढ्या वेळात विष लिव्हर खात असतं. त्यावर औषध नाही. सलाइन चालू ठेवायचं आणि वाट बघायची.

"तुम्ही नातेवाईक का?" त्यांनी विचारलं.

"मित्र," श्यामकांत म्हणाला.

मंगळवारी दत्ताराम माणसं ओळखेनासा झाला. तो गिरणीतल्या कोणाला तरी हाका मारत होता, साचा बंद कर म्हणत होता. शेवंतीला इस्पितळातून सोडलं होतं, पण ती घरी गेली नव्हती. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून ती बसून होती. तिच्या अंगात उभं राहण्याचीही ताकद नव्हती. श्यामकांत तिच्यापासून चार हातांवर बसला. तिने त्याला एकदा पाणी मागितलं, तेवढंच. बुधवारी दुपारी दत्ताराम गेला.

गुरुवारी स्मशानातून आल्यावर श्यामकांतने पुस्तक उघडलं. त्याला आठवत असलेलं चित्र सापडलं. त्याच्याखाली लहान टायपात एक सूचना होती, ती त्याने कधी वाचलीच नव्हती. हुबेहूब असंच दिसणारं एक प्राणघातक अळंबं असतं आणि देठाच्या बुडाशी जमिनीत लपलेली पिशवी हीच त्याची खरी खूण, म्हणून मुळापासून उकरून बघितल्याशिवाय काहीही ठरवू नये, असं तिथे लिहिलं होतं. प्रस्तावनेत तर पहिल्याच पानावर होतं की हे पुस्तक फक्त त्या देशापुरतं आहे. तीन वर्षं हे पुस्तक त्याच्या उशाशी होतं. तीन वर्षांत त्याने एकही अळंबं उकरून बघितलं नव्हतं, कारण फोटोत फक्त जमिनीवरचं येतं.

स्लाइड्स आल्या. पांढऱ्या अळंब्यांच्या सहापैकी चौथी त्याने खिडकीशी धरली. पालापाचोळा, त्यावर तिरपं ऊन, आणि आतून दिवा लावल्यासारखी उजळलेली ती टोपी. आजवर त्याने काढलेला तो सर्वांत चांगला फोटो होता. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली. त्याने स्लाइड पुन्हा डबीत ठेवली. ती कापून टाकावी असं वाटत होतं, पण तेही त्याला जमलं नाही.

कामावर तो जात होता. एका ड्रॉइंगवर त्याने मापं उलटी घातली. उत्तरा त्याला समजावत होती की एवढं मनाला लावून घेऊ नकोस, त्याच्या हातून चूक झाली, त्यात तू काय करणार. ती असं बोलली की तो उठून गॅलरीत जायचा.

दहाव्या दिवशी शेवंतीने काशीरामच्या हाती निरोप पाठवला. तेराव्याला घरात ठेवायला दत्तारामचा फोटो नव्हता. लग्नातला एक होता तो गावी पावसात भिजून गेला होता, आणि गिरणीचं ओळखपत्र गिरणीतच राहिलं होतं. साहेब एवढे फोटो काढायचे, दोन वर्षं हे त्यांच्याबरोबर होते, तर एखादा चांगला निवडून मोठा करून द्याल का, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या संध्याकाळी श्यामकांतने सगळे डबे जमिनीवर मांडले. एकेक स्लाइड टेबलाच्या दिव्यासमोर धरून तो बघत गेला. लाल, केशरी, जांभळी. ओंडक्यावरची, शेणावरची, झाडाच्या कानासारखी. पावसाआधीची, पावसानंतरची. जवळजवळ पाचशे स्लाइड्स होत्या, आणि दत्ताराम एकाही स्लाइडमध्ये नव्हता. उत्तराने विचारलं, अरे, सहज म्हणूनही कधी काढला नाहीस? त्याला आठवेना. फिल्म वाया जाईल असं वाटलं असेल, की ते कधी डोक्यातच आलं नसेल, हे त्याचं त्याला सांगता येईना.

दुसऱ्यांदा बघताना एक सापडली. त्र्याऐंशीच्या ऑगस्टमधली, निळसर रंगाच्या बारीक अळंब्यांची. वरच्या कोपऱ्यात गवत मागे धरून ठेवलेला एक हात होता. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक साच्यात गेलेलं, नखांत माती, मनगटावर काळा दोरा. हात तेवढा स्पष्ट आला होता. त्याच्या पुढे चौकट संपत होती.

त्याने तो कोपरा मोठा करून घेतला आणि तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी चाळीत गेला. शेवंती एकटीच होती. चंपा आणि जावई गावाहून आलेले, ते सामान आणायला बाहेर गेले होते. तिने त्याला बसायला पाट दिला. ती निम्मी झाली होती.

श्यामकांतने फोटो पाकिटातून काढून तिच्यासमोर ठेवला आणि एवढाच आहे असं सांगितलं. तिने तो उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ती त्या तुटक्या बोटावरून आपलं बोट फिरवत राहिली. रडली नाही.

मग श्यामकांत बोलला. दत्तारामने त्याला विचारलं होतं, ही खातात का. आणि त्याने न बघता, न उकरता, खातात म्हणून सांगितलं होतं. हवालदारासमोर तो खाटेशी उभा होता आणि गप्प राहिला होता. त्याने सगळं सांगितलं, काही राखलं नाही, आणि सांगून झाल्यावर मान खाली घालून बसला. तिने शिव्या द्याव्यात, काहीतरी फेकून मारावं, असं त्याला वाटत होतं.

"माका ठाव होता," शेवंती म्हणाली.

त्याने वर बघितलं.

"चुलीर घालताना मी म्हटलंय, वारूळ नाय तर कशाक आणलास. तर म्हणाले, साहेबांनी बुकात बघितल्यानी. तरी मी आयकंना म्हणान आधी आपण पोटभर खाल्ल्यानी. म्हणाले, माका काय झाला नाय तर तू खा."

बाहेर नळावर कोणीतरी हंडा लावला होता, त्याचा आवाज येत होता.

"इस्पितळात माका सांगल्यानी, साहेबांचा नाव घेव नको. चांगल्या मनान बोलले, त्येंच्या नोकरीक धक्का लागात. म्हणान मी गप रवलंय. पण मी बघत होतंय, तुमी कधी सांगतास ता. त्ये जित्ये असताना सांगशात असा वाटला होता. मगे वाटला, मसणात तरी सांगतले." तिने फोटो पुन्हा पाकिटात घातला. "आज सांगितलास. आता माका त्येचा काय करूचा?"

काही लागलं तर सांगा, असं श्यामकांत म्हणाला, आणि म्हणताक्षणी ते शब्द किती पोकळ आहेत ते त्याला कळलं. शेवंतीने फोटो ठेवून घेतला. उद्या तेराव्याला येऊ नका, एवढं तिने शांतपणे सांगितलं. आणि नंतरही नको.

तिथून तो घरी न जाता पोलीस चौकीत गेला. जबाब घेणारा हवालदार ड्यूटीवर नव्हता. टेबलामागे एक फौजदार बसला होता, त्याच्यापुढे दोन भांडणारे दुकानदार उभे होते. श्यामकांत बाकावर बसला. दुकानदार गेल्यावर त्याने फौजदाराला सांगितलं की गावडेंच्या केसमधला जबाब खोटा आहे, अळंबी खायची आहे असं त्यांना आपण सांगितलं होतं. फौजदाराने रजिस्टर काढून बघितलं. अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली होती, कागद वर गेले होते.

"तुम्ही डॉक्टर आहात?" फौजदाराने विचारलं.

"नाही."

"अळंबी तुम्ही आणून दिलीत? विकलीत? शिजवून घातलीत?"

"नाही. फक्त सांगितलं."

"मग यात मी काय लिहू?" फौजदार थकलेला वाटत होता, रागावलेला नाही. "साहेब, रस्ता विचारला आणि चुकीचा सांगितला, म्हणून कोणाला आत टाकता येत नाही. घरी जा. चहा घेणार?"

श्यामकांत नको म्हणाला. तरीही तो पुन्हा बाकावर बसला. त्याला उठावंसं वाटेना. या जागेतून बाहेर पडलं की मग सांगायला कोणी उरत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तास-दीड तासाने फौजदारच उठून त्याच्याजवळ आला आणि खांद्याला धरून त्याला दारापर्यंत सोडून गेला.

उत्तरा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. त्याने तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचे हात परातीत थांबले होते.

"मी पेज घेऊन गेले होते त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली. "त्याआधीच झालं होतं हे? डॉक्टरांनी विचारलं, आणि तू तिथेच होतास?"

"होतो."

ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्याने हात-पाय धुतले, कपडे बदलले. जेवायला तिने वाढलं, त्याच्यासमोर बसून ती जेवलीही. पण त्या दिवसानंतर तिने कधी त्याची समजूत काढली नाही.

गणपतीआधी शेवंती खोली सोडून चंपाकडे निघून गेली. काशीरामकडून श्यामकांतने पत्ता मिळवला आणि एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं स्वतःला सांगत त्याने दिवाळीनंतर दुसरं लिहिलं आणि या वेळी रजिस्टर केलं. बावीस दिवसांनी ते परत आलं. पाकीट उघडलेलं नव्हतं. पत्त्यावर आडवी रेघ मारून पोस्टमनने निळ्या शाईत लिहिलं होतं : घेण्यास नकार.